गाडीत एक खोट असू द्यावी

चाचांच्या तोंडून 'गाडी बिघडली' हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. त्यांचा धंदा बांगड्यांचा. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं, आणि जो नियम काचेला तोच लोखंडाला, असा त्यांचा न्याय. कुरखेड्याच्या रस्त्यावर भर उन्हात गाडीच्या नाकाडातून वाफ यायला लागली की ते शांतपणे चावी काढत, खाली उतरत आणि म्हणत, "रेडिएटर वाढला वाटते." सेल्फ वाढला, क्लचवायर वाढली. एकदा सरकता दरवाजा रुळावरून निघून रस्त्यात आडवा पडला, तेव्हा तोही वाढलाच होता. मी साताऱ्याकडची. बांगडी वाढवणं मला ठाऊक होतं, पण दरवाजा वाढवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून माझी नेमणूक आरमोरीला झाली आणि चाचांच्या घरामागची खोली मी भाड्याने घेतली. कार्यालयाची जीप कायम दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाला गेलेली असे. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि तिचाही भरवसा नाही. चाचांची आठवडी बाजारांची फेरी मात्र नेमकी माझ्या गावांवरून जायची. मग मी बाजाराच्या दिवशी त्यांच्या व्हॅनमध्ये मागे, बांगड्यांच्या खोक्यांमध्ये अंग चोरून बसू लागले. पुढे स्टेअरिंगवर चाचा आणि शेजारी चाची. चाचीशिवाय गाडी कधीच निघत नसे.

त्या काळी सगळीकडे दिसायची तसली डब्यासारखी व्हॅन होती ती. नागपूरच्या कुणीतरी वापरून वापरून कंटाळून विकलेली. मूळचा रंग पांढरा असावा. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट अशी तापायची की चाची खाली चौघडी गोधडी घेऊन बसायच्या. थंडीत मला त्यांचा हेवा वाटे, उन्हाळ्यात कीव यायची. शिवाय इंजिनाला काही झालं की सीट उचलावी लागे, म्हणजे आधी चाचींना उठावं लागे. "गाडीपरीस जास्त तं मीच वाढून राह्यली," असं म्हणत त्या गोधडी काखेत मारून झाडाखाली जाऊन बसत.

माझ्या पायाखालचा पत्रा गंजून त्याला वीतभर भोक पडलं होतं. त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला होता, तो हादऱ्याने सरकायचा आणि खाली रस्ता दिसायचा. मुरूम, सागाची पानं, पाण्याचा ओघळ, पुन्हा मुरूम. मी तासन्‌तास ते बघत बसे. कधी कधी वाटायचं, गाडी जागेवरच उभी आहे आणि कुणीतरी खालून रस्ता ओढून नेतंय. डुलकी लागायची, खोक्यांतल्या बांगड्या किणकिणत राहायच्या, जाग यायची तेव्हा गाडी खरोखरच उभी असायची आणि चाचा चूल मांडत असायचे.

हो, चूल. गाडी थांबली की इतर लोक आधी इंजिन बघतात. चाचा आधी तीन दगड बघायचे. चहा झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनाला हात लावणं आणि रागावलेल्या बायकोला समजावणं, दोन्ही चहानंतर, असं त्यांचं म्हणणं. बांबूच्या बेटातून ऊन गाळून यायचं, लांब कुठेतरी कुऱ्हाडीचा ठोका पडायचा, आणि आम्ही तिघं पितळी पेल्यांतून चहा पीत बसायचो. पहिल्या पहिल्यांदा मी घड्याळ बघून चरफडायचे. नंतर घड्याळ घालायचंच सोडून दिलं.

या थांबण्यांनी चाचांच्या डोक्यात एक वेगळाच नकाशा तयार झाला होता. फॅनबेल्टचा आंबा, क्लचवायरचा नाला, रेडिएटरचा मोह. जिथे जे वाढलं ते त्या जागेचं नाव. आजूबाजूच्या लोकांनीही ही नावं उचलली. एकदा एसटीत एका म्हाताऱ्याने कंडक्टरकडे "एक क्लचवायर" असं तिकीट मागितलं आणि कंडक्टरनेही काही न विचारता फाडून दिलं.

दुरुस्तीचा खर्च चाचा रुपयांत सांगत नसत. कार्बोरेटर साफ करणं म्हणजे दोन डझन साध्या. टायरचं पंक्चर म्हणजे अर्धा डझन, त्याही लहान पोरींच्या. क्लचप्लेट बदलायची तर एका नवरीचा पुरा चुडा. आरमोरीचे मिस्त्री आकडा सांगत आणि चाचा आकाशाकडे बघून त्याच्या बांगड्या करत. "इंजिनाचं काम काढलं तं दोन गावच्या साऱ्या बायका लागतीन," ते म्हणाले, आणि इंजिनाचं काम राहिलं.

पण सगळं काम केलं तरी एक गोष्ट ते मिस्त्रींना कधीच करू देत नसत. गाडीत एक तरी खोट शिल्लक ठेवायचीच. वायपर करायचा तर हॉर्न तसाच सोडायचा. हॉर्न दुरुस्त केला तर आरसा सैल ठेवायचा. मिस्त्री वैतागायचे.

"चाचा, पाच मिनिटाचं काम हाये. करून टाकतो ना."

"नोको. एक असू दे."

"काऊन पण?"

"नवरीचा चुडा भरतो तवा दोन्ही हातात सारख्या भरतो का मी? एका हातात एक जास्त. सारखं झालं की नजर लागते. गाडीत बी काईतरी कमी पायजे. खोट नसली तं नजर खोट शोधाले निंगते, अन मंग मोठी घेऊन येते."

मिस्त्री माझ्याकडे बघायचे. मी शिकलेली, मी काहीतरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा. मी कशाला बोलू? त्या गाडीत एक खोट शिल्लक ठेवण्याची काळजी करणारा माणूस म्हणजे समुद्रात ओंजळभर पाणी राहू द्या म्हणणारा. मला हसू आवरायचं नाही.

चाचींचं मात्र मला हसू येत नसे, डोकं उठायचं. ही बाई गाडी सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत बोलायची, आणि बोलायची काय, तर जे समोर दिसतंय तेच. "गड्डा हाये. मोठा हाये. डाव्या हातानं घ्या. बैलबंडी येऊन राह्यली, तनस भरली हाये, हळू. आता मोकळं हाये. गाई बसल्या जी, गाई! वाजवा. उठल्या. पुलिया आली. पोट्टे हायेत पुलियावर. आता सरळ." चाचा फक्त "हूं" म्हणायचे. मी मागे बसून मनात म्हणायचे, अहो बाई, त्यांना दिसतंय की. पण सांगणार कोण? नवराबायकोच्या मधे बोलू नये, आणि फुकट बसणाऱ्याने तर नाहीच नाही. पुढे पुढे ती बडबड मला अंगाईसारखी झाली. डोळे मिटून ऐकलं की सगळा रस्ता मिटल्या डोळ्यांआड चालत राहायचा.

एकदा चाचींना ताप होता. वैरागडचा बाजार, लग्नसराई, आणि चाचांनी गाडी काढलीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "गाडीले बरं नाई वाटून राह्यलं." मला तेही त्यांच्या तऱ्हेवाईकपणातलंच वाटलं.

बाजारात त्यांना बांगड्या भरताना बघावं. पोत्यावर मांडी घालून बसायचे, समोर बाईने हात पुढे केला की आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन अंगठ्याच्या मुळाशी हळूच दाबायचे आणि डोळे मिटायचे. मग न बघताच मागच्या खोक्यातून माप काढायचे. रानातल्या गावांतून आलेल्या गोंड बाया बोलायच्या कमी, हात मात्र विश्वासाने द्यायच्या. सासुरवाशीण असेल तर चाचा माहेरचं गाव विचारायचे. बहुतेक वेळा तिच्या आईचाही हात त्यांनी भरलेला असायचा. भरून झालं की ती बाई वाकून नमस्कार करायची आणि चाचा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "भरली राह्य माय."

मी एकदा म्हटलं, "चाचा, एवढा त्रास काढता, आरमोरीत दुकान का टाकत नाही?"

"दुकानात हात माह्याकडं येते, मॅडम. ज्याले येता येते त्याचाच येते. बाकीच्याकडं मलेच जा लागते."

फेरी हीच त्यांची जिंदगानी होती. गाडी गेली तर फेरी गेली, आणि फेरी गेली तर हा माणूस अंगणात बसून वाळून जाईल, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आणि नेमकी तीच वेळ आली. गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती. पुन्हा पासिंग करून घ्यावं लागणार, आणि पासिंगमध्ये खोट चालत नाही. पास झाली तर पुढची पाच वर्षं मोकळी. नापास झाली तर भंगार. दुसरी गाडी घ्यायची म्हणजे सगळ्या जिल्ह्यातल्या बायकांनी हात भरले तरी पुरलं नसतं.

मिस्त्रींनी कंबर कसली. दिवे, ब्रेक, हॉर्न, वायपर, सायलेन्सर, दरवाजाचा रूळ, माझ्या पायाखालचं भोक, सगळं. एवढ्या वर्षांचा सूड घेतल्यासारखं त्यांनी एकूण एक खोट शोधून मारली. गाडी सुरू केली तर तिचा आवाजच येईना. चाचा तिच्याभोवती फिरत होते, दरवाजा सरकवून बघत होते, आरसा हलवून बघत होते. आरसा हलेना.

"काईच ठेवलं नाई का रे?"

"काईच नाई, चाचा!" मिस्त्री अभिमानाने म्हणाले.

त्या संध्याकाळी चाचा जेवले नाहीत. चाची मला म्हणाल्या, "गाडी नवी झाली अन हे जुने झाले पाहा."

सकाळी निघताना मात्र चाचा एकदम खुशीत होते. मलाही गडचिरोलीला मीटिंग होती, म्हणून मी मागे बसले. थंडीचे दिवस होते. धान कापलेल्या बांध्यांवर धुकं पसरलं होतं, रस्त्याकडेची झाडं अर्धीच दिसत होती. चाची पुटपुटत होत्या, धुकं हाये, हळू, सायकल हाये. भोक बुजल्यामुळे मला खालचा रस्ता दिसत नव्हता आणि चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

पासिंगच्या मैदानावर ट्रक आणि जीपा ओळीने उभ्या होत्या. मीटिंगला वेळ होता, म्हणून मी खाली उतरून थांबले. गाड्या तपासणारे साहेब तरुण होते, बोलायला नम्र. त्यांनी दिवे लावून बघितले, ब्रेक मारून बघितला, खाली वाकून पत्रा ठोकला आणि म्हणाले, "काका, पंधरा वर्षांची वाटत नाही. छान ठेवलीय." चाचांचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता. बक्षीस मिळालेल्या पोरासारखे ते उभे होते. चाचींनी खिडकीतूनच आभाळाकडे हात उचलले.

"लायसन बघू."

चाचांनी दिलं. साहेबांनी फोटो बघितला, चाचांकडे बघितलं.

"फोटोत चष्मा आहे. चष्मा कुठाय?"

"घरी ठेवला, साहेब. मुद्दाम."

"मुद्दाम?"

मग चाचांनी भोळेपणाने सगळं सांगितलं. गाडीत एक खोट लागते, मिस्त्रीने एकही ठेवली नाही, रात्रभर विचार केला, आणि शेवटी ठरवलं की गाडीत नाही तर मालकात असू दे, म्हणून चष्मा घरी ठेवला. साहेब मनापासून हसले. आजूबाजूचे ड्रायव्हरही हसले. मीसुद्धा हसले.

"बरं," हसू आवरत साहेब म्हणाले, "आता विचारलंच आहे तर बघूनच घेतो. त्या लिंबाखालच्या ट्रकचा नंबर वाचा."

चाचांनी लिंबाकडे तोंड केलं. बराच वेळ केलं. आणि गाडीच्या खिडकीतून चाचींनी तो नंबर खणखणीत आवाजात वाचला.

"बाई, तुम्ही नाही. त्यांना वाचू द्या."

साहेब चार पावलं पुढे गेले आणि हात वर करून त्यांनी बोटं दाखवली. "किती?" चाचींचं तोंड सवयीने उघडलं, आणि मग त्यांनी पदर तोंडात कोंबला. साहेब पुन्हा जवळ आले. चाचा हसरा चेहरा तसाच ठेवून त्यांच्या हाताच्या थोडं बाजूला, रिकाम्या हवेकडे बघत होते.

दोन वर्षं. पुलिया, नाले, वळणं, समोरून येणारे बांबूचे ट्रक. मी मागे बसून डुलक्या काढत होते आणि पुढे एका माणसाकडे हात होते, एका बाईकडे डोळे, आणि दोघं मिळून एक ड्रायव्हर होत होता. भीती नंतर वाटली, आधी संताप आला. मी खिडकीपाशी जाऊन चाचींना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. तरी मला बसवत होता?"

चाचींनी पदर काढला. "मीच तं चालवून राह्यली व्हती, पोरी. ते फक्त स्टेरिंग फिरवत."

"आणि काही झालं असतं तर?"

"म्हणूनच तं तोंड बंद नोयतं केलं कधी," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्या रडायला लागल्यावर माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

साहेबांनी गाडी पास केली. लायसन ठेवून घेतलं. चष्मा नाकावर असता तर त्यांनी विचारलंही नसतं, पण त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. परत येताना तिथलाच एक ड्रायव्हर घेतला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उरलंय ते टिकेल कदाचित, गेलेलं परत येणार नाही. चाचा घरी येऊन म्हणाले, "काचेनंच पोट भरलं, तिनं काई तं घ्यावंच." आणि मग ते खरोखर वाळायला लागले. सकाळी उठून अंगणातल्या गाडीत जाऊन स्टेअरिंगवर बसायचे. वैरागडच्या बाजाराच्या दिवशी खोकी आपल्या हातांनी उचलून गाडीत ठेवायचे, संध्याकाळी उतरवायचे. चाची चुलीपुढे गप्प. ज्या बडबडीने माझं डोकं उठायचं ती बंद झाली आणि घर ओसाड वाटायला लागलं.

एक दिवस चाची मिस्त्रींकडे गेल्या आणि म्हणाल्या, मले शिकव. मिस्त्रींना वाटलं, चेष्टा. मग बाजाराच्या रिकाम्या मैदानावर रोज दुपारी ती पासष्टीची बाई पदर खोचून व्हॅन फिरवायला लागली. कुंपणावर पोरं बसायची, पानठेल्यावर बाप्ये उभे राहून हसायचे. "चाची, इमान कवा उडवता?" चाची गाडी वळवून पुन्हा चक्कर घ्यायच्या. पहिल्या खेपेला त्या परीक्षेत नापास झाल्या, गाडी मागे घेताना खुंटा पाडला. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. चाचा या सगळ्यात हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत.

मोहाची फुलं गळतात त्या दिवसांत आम्ही पुन्हा वैरागडला निघालो. स्टेअरिंगवर चाची, शेजारी तापलेल्या सीटवर गोधडी घेऊन चाचा, मागे मी. सगळ्या रानाला मोहाचा गोड, जड वास येत होता. चाचा टवटवीत होते, नवी टोपी घातली होती. गावाबाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "काय आलं वं समोर?"

चाचींचा जबडा आवळलेला. दोन्ही हातांनी स्टेअरिंग असं धरलं होतं की नसा दिसत होत्या.

"बोलू नका जी. गाडी चालवून राह्यली मी."

थोड्या वेळाने चाचा पुन्हा, हळूच, "पुलिया गेली का?" चाचींनी ऐकलंच नाही. मग चाचांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान समोर धरून बसून राहिले. मला मागून त्यांची पाठ दिसत होती. मैदानावर साहेबांसमोर हा माणूस आंधळा झाला नव्हता. तो आत्ता होत होता. आजवर त्यांना सगळा रस्ता दिसत आला होता, आणि आता ती सांगणारी गप्प झाली होती.

मी दोन सीटांच्या मधे वाकले आणि म्हटलं, "झाडं आहेत, चाचा."

"कायची?"

"मोठी."

"वा मॅडम!" ते खो खो हसले. "दोन वरीस झाले इथी, अन मोठी?"

मग मी नीट बघायला लागले. साग आहे, पानं गळालीत. पळस आहे, फुललाय. रस्ता उजवीकडे वळतोय. चाचा "हूं" म्हणाले. मी सांगत गेले. खड्डा आहे, गेला. पुढे मोठा मोह आहे, खाली सगळी जमीन झाडून घेतलीय. दोन बाया फुलं वेचतायत.

"हात कसे हायेत त्यायचे?"

"म्हणजे?"

"हात, मॅडम, हात! पाहा ना."

मी डोळे ताणून बघितलं. "एकीचे भरलेले आहेत. दुसरीच्या हातात एकच उरलीय."

"थांबव वं," चाचा म्हणाले.

चाचींनी ब्रेक इतक्या जोरात दाबला की आम्ही सगळे पुढे आलो. चाचा दरवाजा चाचपत उतरले, रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले आणि मोहाच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "आण माय, हात आण."

ती बाई उठली. ओंजळीतली फुलं टोपलीत टाकून तिने दोन्ही हात लुगड्याला पुसले, आणि चालत येऊन ते चाचांच्या तळव्यांत ठेवले.